चुन्याच्या पाण्यातल्या मक्याची भाकरी घरी कोणी करून पाहिली आहे का?

कवठाची_चटणी

नमस्कार मंडळी. प्रश्न अगदी शेवटी आहे, घाई असेल त्यांनी सरळ खाली जावं. बाकीच्यांनी बसा, कारण हे मला कोणाला तरी सांगायचंच आहे. गावात सांगितलं तर बाया म्हणतात, "अमेरिकेत जाऊन घोयची भाजी खाऊन आली." आणि ते खोटंही नाही.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. नऊ एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर, थोडं सोयाबीन. मुलगी शिकागोला असते. तिच्या बाळंतपणासाठी मार्चअखेर गेलो होतो. जूनच्या पेरणीआधी घरी आणून सोडायचं या बोलीवर हे आले. निघायच्या आठवड्यात जावई म्हणाले, "आई, इतके दिवस तुम्ही आम्हाला रांधून घातलं, आज आम्ही तुम्हाला बाहेर नेतो."

नेलं ते मेक्सिकन हॉटेलात. घरापासून चालत दहा मिनिटं. हॉटेल गल्लीतलं, पण भाव गल्लीतले नाहीत. बाहेरून आपल्या दारव्ह्याच्या एखाद्या फोटो स्टुडिओएवढं. आत दहा-बारा टेबलं आणि दिवे इतके मंद की ह्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून मेनू धरला आणि मुलीने तो हळूच विझवला. मला वाटलं होतं, मेक्सिकन म्हणजे त्या शंकरपाळ्यांसारख्या कुरकुरीत चिपा आणि वर वितळलेलं चीज. तसलं तिथं काहीच नव्हतं. एकेका पदार्थापुढे त्याच्या राज्याचं नाव लिहिलेलं होतं. वाहाका, पुएब्ला, युकातान, मिचोआकान. आपण नाही का म्हणत, भरीत खानदेशातलं, रस्सा सावज्यांचा, तसं.

आधी आलं शरबत. लालभडक, उंच ग्लासात. 'हमाइका' म्हणे. एक घोट घेतला आणि मी म्हटलं, "अंबाडी." मुलगी म्हणते, "नाही गं आई, ते हिबिस्कसचं असतं." अगं बाई, तुला गोवर आला होता तेव्हा याच बोंडांचं शरबत वाटीवाटीने पाजलं आहे मी. तिने मोबाइलवर शोधलं, मग गप्प बसली. ग्लासाचे सहा डॉलर. हे म्हणाले, "म्हंजे धुऱ्यावरच्या अंबाडीचे पाचशे रुपये."

मग माझी भाजी आली. मी माळकरी आहे, त्यामुळे जावयांनी विचारून विचारून मागवलेली. हिरव्या आंबट रसात बटाटे आणि वर कसलीशी जाड पानांची भाजी. ह्यांनी माझ्या ताटातली एक काडी उचलली, दिव्याकडे धरली, लालसर देठ नखाने दाबला आणि एवढ्या मोठ्याने बोलले की शेजारचं टेबल वळून पाहायला लागलं. "अवं, हे त घोय व्हय!"

घोळच होती. तिकडे वेर्दोलागास म्हणतात. त्यात त्या रसातला आंबटपणा, तो हिरव्या टोमॅटोचा नाही. मुलीने फोटो दाखवला तर वर कागदाच्या कंदिलासारखं टरफल, आत गोल फळ. आपल्या शेतात चिरबोटी उगवते ना, तिची मोठी बहीण. निंदताना आपण हे सगळं उपटून धुऱ्यावर फेकतो आणि चारशे रुपये रोजाने बाया लावून फेकतो.

पण मला सांगायचं आहे ते भाकरीचं.

टोपलीत, फडक्यात गुंडाळून, तळहाताहून थोड्या मोठ्या पातळ भाकऱ्या आल्या. आपण दुरडीत फडक्यात भाकरी ठेवतो, हुबेहूब तसं. फडकं उघडलं आणि वाफ नाकात गेली. तो वास मला ओळखीचा होता, पण नाव सापडेना. मक्याचा नव्हता, मका मला माहीत आहे. मी भाकरी मोडून नाकाशी धरून बसले. मुलगी म्हणते, "आई, लोक बघतायत." मग आठवलं. दिवाळीच्या आधी चुन्याने पोतलेल्या भिंतीवर पाण्याचा हबका मारला की जो वास सुटतो, तो. आणि त्याच्या मागे माझ्या वडिलांचा तळहात, तंबाखू मळून झाल्यावरचा. मी म्हटलं, "यात चुना आहे."

मुलगी म्हणाली, "आई, भाकरीत कोण चुना घालेल?" वाढणारा पोरगा भला होता. त्याने आतून भाकऱ्या करणाऱ्या बाईलाच बोलावून आणलं. माझ्याच वयाची, ठेंगणी, हात कोपरापर्यंत पिठाचे. त्याने तिला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि जोरजोरात मान हलवत म्हणाली, "काल! काल!"

हे लगेच माझ्या कानात, "पाय, कालची शिळी हाये म्हन्ते."

काल म्हणजे त्यांच्या भाषेत चुना! मग तिने मला हाताला धरून आतच नेलं. बादलीत मका भिजत होता, पिवळ्याधमक पाण्यात. तिने मूठभर काढला आणि बोटांत चोळला, तशी साल निघून आली, भिजलेल्या उडदाची निघते तशी, पण बुळबुळीत. आतला दाणा मऊ, दाबला की दबतो. पलीकडे मातीचा मोठा तवा, त्यालाही चुना फासलेला, म्हणजे पीठ चिकटत नाही. मला आमच्या खापरावरच्या मांड्यांची आठवण झाली. तिला मराठी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही. तिने गोळा हातावर थापून दाखवला, मी पण एक थापला. माझा जाड झाला. तिने तो उचलून परत लाट्यांत टाकला, अगदी माझी सासू टाकायची तसा, काही न बोलता.

ह्यांनी कोंबडी मागवली होती, काळ्या रश्श्यातली, मोले नेग्रो. काळा म्हणजे आपल्या काळ्या मसाल्यासारखा नाही, डांबरासारखा. तिखट नाहीच म्हणाले, तर्री नाही म्हणाले, आणि ताट पुसून खाल्लं. आणखी एक पदार्थ जावयांनी घेतला, भाकरीत भरलेलं काहीतरी काळंकुट्ट, 'विटलाकोचे'. तो मक्यावरचा रोग आहे! काणी! मक्याच्या कणसाला काणी लागली की ते लोक दाणे फेकतात की काय देवाला ठाऊक, काणी मात्र जपून काढतात आणि ती दाण्यांपेक्षा महाग विकतात. लहानपणी ज्वारीच्या ताटाला काणी दिसली की आम्ही पोरी खायचो आणि तोंड काळं झालं म्हणून मार खायचो. मी एक घास घेतला. चांगलं लागतं. ओल्या मातीसारखं, थोडं मशरूमसारखं.

एक गोष्ट वाईट झाली, तीही सांगते. सोबत घेवड्यासारख्या काळ्या दाण्यांची घोटलेली उसळ आली होती. त्या पोराने "व्हेजिटेरियन, यस, यस" म्हटलं होतं. मी दोन चमचे खाल्ले. मग दुसरा मोठा वेटर पाणी द्यायला आला आणि जावयांनी सहज परत विचारलं, तर म्हणाला, त्यात डुकराची चरबी असते, पण मांस नाही. पोराच्या लेखी मांस नाही म्हणजे व्हेज! मुलगी रडवेली झाली, जावई त्याच्याशी इंग्रजीत भांडायला उठले. मी म्हटलं बसा. ते दोन घास काही बाहेर येणार नव्हते. पाणी प्यायले, पांडुरंगाला मनातल्या मनात सांगितलं, घरी येऊन आंघोळ केली. उसळीचे पैसे त्यांनी बिलातून कमी केले, पण मॅनेजर म्हणून जो आला त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की यात रागवण्यासारखं काय आहे. ते मला जास्त लागलं.

बिल एकशे शहात्तर डॉलर, वर पस्तीस टीप. टीप द्यावीच लागते म्हणे, वाढणाऱ्यांचा पगार त्यातूनच सुटतो. ह्यांनी घरी जाईपर्यंत हिशोब केला, अडीच क्विंटल तूर.

तर प्रश्न. एक, मक्याला चुना लावून ही भाकरी आपल्याकडे घरी कोणी केली आहे का? चुना किती, कोणता, पानठेल्यावरचा चालतो का? मका कुठला? मी नुसत्या मक्याच्या पिठाची केली तर थापतानाच भेगा पडल्या. दोन, हेच ज्वारीला करता येईल का? तीन ह्यांचा आहे, त्या काळ्या रश्श्यात घालतात काय?

---

खुसपट

काकू, अडीच क्विंटल तूर गेली म्हणता, म्हणजे चुना मक्याला नाही, तुम्हालाच लावला.

(गंमत हो. रागावू नका. "कालची शिळी" वाचून चहा नाकात गेला.)

---

साळुंकी

काकू, आधी चरबीचं. मी अकरा वर्षं टेक्सासात, सॅन अँटोनियोला आहे आणि हे माझ्या आईबाबतीत झालं आहे. "व्हेजिटेरियन का?" असं विचारून उपयोग नसतो. जुन्या पद्धतीच्या मेक्सिकन स्वयंपाकात घोटलेली उसळ चरबीत परततात, तांबडा भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, तमाल म्हणजे मक्याच्या पानात बांधून उकडलेल्या मुटक्यांचं पीठ चरबीने फेसतात, गव्हाच्या तोर्तियातही (तोर्तिया म्हणजे तिकडची पातळ भाकरी) चरबी असू शकते. म्हणून वस्तूचं नाव घेऊन विचारायचं. "सिन मान्तेका?" म्हणजे चरबीशिवाय का, आणि "सिन काल्दो दे पोयो?" म्हणजे कोंबडीच्या पाण्याशिवाय का. 'कार्ने नाही', म्हणजे मांस नाही, एवढ्यावर कधी थांबू नका. मक्याच्या साध्या भाकरीत फक्त मका, चुना, पाणी असतं, ती बिनघोर खा. आणि मॅनेजरचं म्हणाल तर माझ्या आईच्या वेळचा मॅनेजर हसला होता.

आता कृती. मी दर पंधरा दिवसांनी करते.

एक किलो वाळलेला मका, तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम कोरडा चुना, म्हणजे मक्याचा शंभरावा हिस्सा. पानाचा ओला चुना असेल तर त्यात पाणी असतं, वीस ग्रॅमपर्यंत घ्या. साधा पांढरा हवा, रंग-वास न घातलेला. भिंतीचा चुना अजिबात नको. कळीचा, न विझवलेला चुना तर घरात आणूच नका, पाण्यात पडला की उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जातो. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमला चुना खातो.

चुना पाण्यात कालवून मका घाला, मंद आचेवर पाऊण तास. दाणा पिवळा पडेल आणि साल नखाने निघायला लागेल. आतून मात्र दाताखाली थोडा कच्चा राहिला पाहिजे, पूर्ण शिजवला तर पिठाचा चिखल होतो. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी ओतून दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा. सगळी साल काढू नका, थोडी राहिली तर पीठ जास्त धरतं. मग ओलंच वाटायचं.

तुमच्या भेगा का पडल्या, तर मक्यात गव्हासारखा चिकटपणा नाही. चुन्याने दाण्याचं साल विरघळतं, त्यातला डिंकासारखा भाग मोकळा होतो आणि तोच पीठ बांधतो. बाजारच्या मक्याच्या पिठाला चुना लागलेलाच नसतो, ते कितीही मळा, फाटणार.

थापताना हातावर जमलं नाही तर दुधाच्या पिशवीचे दोन कापलेले तुकडे घ्या, मध्ये लिंबाएवढा गोळा, वर जड ताटली दाबा. तवा चांगला तापलेला. पहिली बाजू थोडा वेळ, दुसरी जास्त, परत पहिली. या तिसऱ्या खेपेला फुगते. फुगली की फडक्यात. फडक्यातली दहा मिनिटं चुकवू नका, त्यातच ती मऊ होते.

---

ढेकूळ

ताई, मी अकोल्याकडचा, चौतीस वर्षं शाळेत शेती विषय शिकवला. मक्याबद्दल दोन सूचना आधी, बाकी नंतर.

पेरणीसाठी आणलेलं पिशवीतलं बियाणं उरलं म्हणून ते शिजवू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, म्हणून तर ते गुलाबी-निळं दिसतं. धुऊन जात नाही. कोंबडीखाद्यासाठी जो पिवळा मका पिकवतात तो चालतो, पण शेतकऱ्याच्या घरून घ्या, नीट वाळलेला, बुरशी न लागलेला. गोड मका, स्वीट कॉर्न म्हणतात तो, या कामाचा नाही.

दुसरी काणीची. तुम्ही तिकडे खाल्ली ती मक्याची, लहानपणी खाल्ली ती ज्वारीची. बुरशी एकाच घराण्यातल्या, पण वेगळ्या. वाचून कोणी शेतात जाऊन काळं दिसेल ते तोंडात घालू नये. बाजरी-ज्वारीवर अरगट म्हणूनही रोग येतो, कणसातून आधी चिकट मधासारखा पाझर आणि मग काळपट कडक गाठी. तो विषारी आहे. शिवाय आजकाल फवारलेलं काय नि कधी, ते धन्यालाच ठाऊक.

आता चुन्याचं. मका माणसाने घडवला तो दक्षिण मेक्सिकोत, सुमारे 9,000 वर्षांपूर्वी, तेओसिंते नावाच्या गवतापासून. त्या लोकांनी चुन्याची युक्ती कशी काढली ते देव जाणे, पण त्यामागे मोठं कारण आहे. मक्यात नायसिन असतं, ते 'ब' जीवनसत्त्वातलं एक, पण ते असं बांधलेलं असतं की पोटाला मिळत नाही. चुन्यात शिजवलं की सुटतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुना तिथेच सोडला. मग गरिबांच्या घरी फक्त मका खाऊन पेलाग्रा पसरला, कातडी सोलते, जुलाब होतात, शेवटी माणूस वेडा होतो. गास्पार कासाल या स्पॅनिश डॉक्टरने 1735 मध्ये त्याची नोंद केली. कारण कळायला पुढे दोनशे वर्षं गेली, नायसिनचा उलगडा 1937 चा. बी नेलं, बायकांना विचारलं नाही.

ज्वारीचं. होय, करता येतं. होंडुरास, एल साल्वादोरमध्ये गरीब शेतकरी ज्वारीच्या तोर्तिया करतातच, मक्यात मिसळून किंवा नुसत्या. पांढरी ज्वारी घ्या, लाल-काळपट दाण्याला चुना लागला की रंग फार गडद होतो. दाणा लहान म्हणून चुना मक्याच्या निम्मा आणि उकळी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. पण खरं सांगू का, ज्वारीची भाकरी आपण चुन्याशिवाय चांगली करतो. हौस म्हणून करा.

आणि तुमच्या ह्यांना सांगा, त्या हॉटेलातलं सगळंच आपल्या धुऱ्यावरचं नाही. अंबाडी मूळची आफ्रिकेची, चिंचही तिकडचीच, दोन्ही आपल्याकडे आल्या तशा मेक्सिकोतही गेल्या. घोळ तर जगभर. उलट तुमच्या शेतातली पऱ्हाटी मेक्सिकोची आहे! आज आपण लावतो तो जवळजवळ सगळा कापूस अमेरिकन जातीचा, त्याचं मूळ घर मेक्सिको आणि आसपास. आपला देशी कापूस आता शोधावा लागतो. मिरची तिकडची, टोमॅटो तिकडचा, पेरू, सीताफळ त्याच खंडाचं, चिकू मेक्सिकोचा. 1966 मध्ये सरकारने 18,000 टन गव्हाचं बियाणं जहाजाने आणलं, तेही मेक्सिकोतून. गाजर गवतसुद्धा त्याच बाजूचं, त्याचे पैसे मात्र कोणी मागू नये.

---

तर्रीबाज

काकांचा प्रश्न माझा. मी नागपूरचा. दुबईच्या हॉटेलात चार वर्षं मेक्सिकन शेफच्या हाताखाली कांदे सोलले, नंतर मोले घोटला. आता परत येऊन स्वतःची सावजी खानावळ आहे.

मोले म्हणजे नुसता रस्सा किंवा वाटण, नावाला घाबरू नका. ग्वाकामोले म्हणजे ॲव्होकॅडोची चटणी, त्यातला मोले तोच. वाहाकात सात मोले मानतात, काळा, तांबडा, पिवळा, हिरवा वगैरे, त्यात काळा सगळ्यांत कष्टाचा. पंचवीस-तीस जिन्नस लागतात. मिरच्या दोन-तीन प्रकारच्या वाळलेल्या, चिलवाक्ले, मुलातो, पासिया. त्या तव्यावर अशा भाजतात की आपली आजी असती तर "जाळली मेल्याने" म्हणाली असती. बिया वेगळ्या काढून अक्षरशः कोळसा करतात आणि पाण्यात भिजवून कडूपणा काढतात. एखादी भाकरीही काळी जाळतात. डांबराचा रंग तिथून येतो. वाहाकात असं बिया जाळायचं काम अंगणात करतात, घरात केलं तर सगळं घर खोकत बसतं. मी किचनमध्ये केलं होतं, तीन मजले खोकले.

मग तीळ, शेंगदाणे, बदाम, मनुका, पिकलेलं भाजीचं केळं, लवंग, दालचिनी, कांदा-लसूण, तो कंदिलवाला टोमॅटो, सगळं वेगवेगळं तळायचं-भाजायचं. वाटायचं. मग चरबीत ते वाटण परतायचं, थेंब थेंब रस्सा घालत, तासभर पळी थांबवायची नाही. चॉकलेट सगळ्यांत शेवटी आणि थोडंसं. लोक म्हणतात 'चॉकलेटची भाजी', ते चूक. आपण आमटीत गूळ घालतो म्हणून कोणी तिला गुळाची भाजी म्हणत नाही.

आपल्या सावजीत आणि यात फरक तेलाचा. आम्हाला वर तर्री दिसली पाहिजे, गिऱ्हाईक आधी तीच बघतं. मोलेत तेल वर आलं तर ते परतून झाल्याची खूण, पण ताटात ते रश्श्यातच जिरलेलं हवं. तिखटही आपल्या निम्मं नाही. मी भिवापुरी मिरची वापरून एकदा केला. आचाऱ्यांनी चाखला आणि त्यावर आणखी तिखट भुरभुरलं. नाद सोडला.

काकू, घरी करायचा तर बेडगी आणि थोडी जुनी काळपट मिरची घ्या, चरबीऐवजी तेल चालतं, कोंबडीऐवजी उकडलेलं सुरण घाला. सुरणाला तो रस्सा मस्त धरतो.

---

कवठाची_चटणी

सगळ्यांचे आभार. खुसपटराव, तुमचेही.

साळुंकीताई, तुमचं उत्तर यायच्या आधीच मी जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, मका चढवून बसले होते. सकाळी पाहते तर गंज आतून काळा आणि पाणी राखाडी. सगळं खड्ड्यात ओतलं. गंज चिंचेने घासला, राखेने घासला, अजून ओळखू येतो. सासूबाईंचा होता.

दुसऱ्यांदा स्टीलच्या गंजात, तुमच्या मापाने. मका शेजारच्या गावातून आणला, कोंबड्यांसाठी ठेवलेला, पण स्वच्छ. साल छान निघाली. मिक्सरमध्ये घातला तर दोन मिनिटांत जळका वास आणि मिक्सर बंद. चक्कीवाला म्हणाला, ओलं दळण आणलं तर पट्टा तुमच्या गळ्यात घालीन. मग माळ्यावरचा पाटा उतरवला. मी आणि माझी जाऊ आळीपाळीने बसलो. किलोभराला दीड तास लागला. दुपारी दोघींचे खांदे हलेनात. त्या बाईचे हात कोपरापर्यंत पिठाचे का होते ते तेव्हा कळलं, आणि तिचे दंड.

पण वास तोच आला. जाऊ म्हणाली, "वहिनी, दिवाळीचा पोतारा मारल्यासारखं वाटून राह्यलं."

पहिल्या पाच कडांना फाटल्या, वाटण जाडं राहिलं होतं म्हणून. सहावी बरी. नववी फुगली. फुगली तेव्हा जावेने टाळी वाजवली. हिरव्या मिरचीचा ठेचा, घोळीची भाजी आणि ही भाकरी. ह्यांनी चार खाल्ल्या आणि मग म्हणाले, "मका मानसानं खाल्ला त कोंबड्याईनं काय खाव?" मी म्हटलं, अडीच क्विंटल तूर वाचली ती मोजा.

तर्रीबाज, सुरणाचं डोक्यात ठेवलं आहे. ते बिया जाळणं मात्र अंगणातच करीन, आमच्या घरात दम्याचं माणूस आहे. ढेकूळ गुरुजी, पऱ्हाटी मेक्सिकोची हे ह्यांना सांगितलं. आधी विश्वास बसला नाही, मग दिवसभर जो भेटेल त्याला तेच सांगत होते. संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट अशी झाली होती की बोंडअळीसुद्धा आमच्या जावयाने पाठवली.

ज्वारीची पुढच्या रविवारी करते, गुरुजींच्या मापाने. चुना संपला आहे. पानठेल्यावर तिसऱ्यांदा मागायला गेले तर पोरगा पुडी बांधता बांधता थांबला आणि म्हणाला, "काकू, खरं सांगा, तुम्ही तंबाखू कधीपासून सुरू केली?"